धरून बसलेल्या

काकूंनी चहाचा कप बशीवर टेकवला. ताई उशीला टेकून भिंतीकडे बघत होती. इतक्या केमोनंतरही गाठ तेवढीच आहे, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, आणि दुसरं औषध सुचवलं होतं.

"मी आधीच म्हटलं होतं, मन खंबीर हवं," काकू म्हणाल्या. "आमची शेजारीण बघ, हसत हसत बरी झाली. तू पहिल्या दिवसापासून तोंड पाडून बसलीस. औषध लागणार कसं?"

"खरंय काकू," ताई पुटपुटली. "माझंच चुकलं. दुसरं औषध नकोच आता. तेही वाया घालवेन मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मांडीवरच्या लेकीला मी खाली उतरवलं.

"काकू, प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम आहे. काही डिश आम्ही कोऱ्या ठेवतो, काहींना शरीरात असतो तसा प्रथिनांचा पातळ थर देतो. पेशी त्याच, औषध तेच, मापही तेच. कोऱ्या डिशमधल्या पटापट मरतात. थरावरच्या मात्र त्याला घट्ट धरून बसतात, आणि त्या पकडीतूनच त्यांना तग धरायचं बळ मिळतं. औषध अंगावरून जातं, बऱ्याचजणी ढिम्म हलत नाहीत. आता सांगा, त्या डिशमध्ये कोण तोंड पाडून बसलेलं असतं?"

"अगं, मी आपलं काळजीपोटी…"

"मग राग काढायचा तर गाठीवर काढा! उलट्यांनी हिचा घसा सोलवटला, तरी एक केमो चुकवली नाही हिने. औषध कमी पडलं, आणि बोल हिला?"

"तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही!" काकूंनी पर्स उचलली नि तरातरा निघून गेल्या.

ताईने विचारलं, "माझ्या गाठीतही तसंच झालं असेल?"

"असू शकतं. छातीठोकपणे नाही सांगणार. पण तुझ्या रडण्याने झालं नाही, एवढं नक्की."

ती डोळे पुसत हसली. "काकूंचा चहा तसाच राहिला बघ. बरं, लाव फोन. नव्या औषधाची तारीख घे."

मी फोन शोधू लागले. लेक पलंगावर चढली आणि मावशीच्या गुळगुळीत डोक्याला गाल लावून बसली.

"आई, नवं औषध त्यांचे हात सोडवेल ना?"