नेव्हिल टेटचं अर्थिंग

सकाळी नऊच्या सुमाराला नेव्हिल टेटने कॉम्प्युटर उघडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि त्यात कॉम्प्रेसरने हवा मारली. शेडमधला कॉम्प्रेसर, ज्याने तो ट्रॅक्टरचा रेडिएटर साफ करतो, तोच. त्याची लांब नळी खिडकीतून आत ओढली होती. धुळीचा लोट उठून ग्लेनिसने धुऊन ठेवलेल्या कपांवर बसला, एक बारका स्क्रू उडून चुलीमागे गेला, आणि नेव्हिलने एक पाऊल मागे सरून जाहीर केलं, की आता बघ कसा पळतो ते.

कॉम्प्युटर आधीही पळतच होता. इंटरनेट येत नव्हतं, आणि कॉम्प्युटरच्या पोटात धूळ साचली म्हणून इंटरनेट बंद पडत नाही, एवढं ग्लेनिसला कळत होतं. पण नेव्हिलला ते सांगण्यात अर्थ नव्हता. एकतीस वर्षांच्या संसारात नेव्हिलला कुणी काही सांगितलं आणि त्याने ते मुकाट्याने ऐकलं, असा एकच माणूस तिला माहीत होता. तो रेडिओवर हवामानाच्या बातम्या द्यायचा, आणि त्याला मध्येच तोडायची सोय नव्हती.

दुपारी दोन वाजता ग्लेनिसची मुलाखत होती. गावातल्या वाचनालयात आठवड्याला चार दिवसांची जागा निघाली होती. पुस्तकं लावायची, मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या आणि तिथल्या कॉम्प्युटरवर अडलेल्या लोकांना मदत करायची. लग्नाआधी दोन वर्षं ती वाचनालयातच कामाला होती. त्यानंतर तिने एकतीस वर्षं पहाटे चारला उठून दूध काढलं, वासरं पाजली, कुंपणाच्या तारा ताणल्या, आणि कुठल्याही सरकारी कागदावर पत्नीचा व्यवसाय लिहायची वेळ आली की नेव्हिलने तिथे आडवी रेघ मारली. मुलाखत घेणारी तीन माणसं इन्व्हरकार्गिल शहरात बसणार होती आणि उमेदवारांनी आपापल्या घरून पडद्यावर बोलायचं होतं. दिलेल्या वेळी जो हजर नसेल त्याला दुसरी वेळ मिळणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

दुसरीकडे कुठे जायची सोयही नव्हती. खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. रात्री कडाक्याचं हिव पडलं होतं, डांबरी रस्त्यावर बर्फाची काच धरली होती, आणि सकाळी शाळेची बससुद्धा आली नव्हती. म्हणजे हे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट किंवा काहीच नाही.

आता नेव्हिलविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याला स्वतःविषयी पुष्कळ सांगायला आवडतं. हातात पक्कड आणि कुंपणाच्या तारेचा तुकडा असला की आपल्याला जगात कशाचंच अडत नाही, असा त्याचा दावा. इथे साउथलँड प्रांतात प्रत्येक दुसऱ्या पुरुषाचा तो असतोच, पण बाकीच्यांच्या हातून अधूनमधून एखादी वस्तू दुरुस्तही होते. नेव्हिलने दुरुस्त केलेलं वॉशिंग मशीन गेली सहा वर्षं शेडच्या मागे उभं होतं आणि त्यात मांजर वीत होती.

इंटरनेट गेल्या बुधवारपासून जात होतं आणि रविवारनंतर आलंच नव्हतं. तेव्हापासून नेव्हिलने उपायांचा धडाका लावला होता. मोडेम बंद करून चालू केला. मग तो फ्रिजवर ठेवला, कारण उंचावर रेंज चांगली. तारेने टेलिफोनला जोडलेल्या डब्याला कसली रेंज, हे त्याचं त्यालाच ठाऊक. भिंतीतून येणारी तार कापली, तिची टोकं सोलून पुन्हा पिळली आणि वरून वासरांच्या पायाला गुंडाळायची चिकटपट्टी लावली. मुलीने, किर्स्टीने, नाताळात येऊन कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घाण सोडली असणार, असं दोनदा म्हणून झालं. किर्स्टी रुग्णालयांचे कॉम्प्युटर सांभाळते. शेवटी टेलिफोन कंपनी चोर आहे, असा निकाल लागला आणि तो कॉम्प्रेसर आणायला गेला.

दहा वाजता, ग्लेनिसने तिसऱ्यांदा विनवल्यावर, त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. दिवाणखान्यात उभा राहून तो फोनवरच्या मुलीला कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावत होता. पाच मिनिटांत त्याने फोन आदळला आणि कुत्सित हसत आत आला.

"ऐकलंस का," तो म्हणाला, "ती बया मला विचारते, तुमच्याकडे झटका मशीन आहे का म्हणून. कुंपणाचं. अगं, मी इंटरनेटची तक्रार करतोय आणि तिला माझ्या गाई मोजायच्यात."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आधी गाय कशी दिसते ते बघून ये, मग मला अक्कल शिकव."

तो चीज रोल खायला बसला. ग्लेनिस उभीच राहिली. तिच्या मनात जे आलं ते इतकं सरळ होतं, की एवढ्या दिवसांत ते आपल्याला सुचू नये याची तिला लाज वाटली.

या खोऱ्यात फोन उचलला की टक, टक, टक ऐकू येतंच. कुणाच्या ना कुणाच्या कुंपणात सोडलेली वीज दर सेकंदाला जमिनीतून थोडी निसटते आणि टेलिफोनच्या तारेत शिरते. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. लोकांची सोयरीक, बाळंतपणं आणि मरणाच्या बातम्या त्या टकटकीच्या तालावरच पोचत आल्या आहेत. शहरातून आलेल्या माणसाने विचारलं तरच आपण म्हणतो, ते होय, ते कुंपण आहे. ती दिवाणखान्यात गेली आणि तिने फोन कानाला लावला. आजची टकटक नेहमीची नव्हती. कुणी पत्र्यावर हातोडा घालावा तशी ती कानात बसत होती. आणि नेव्हिलने नवीन मशीन, खोऱ्यातलं सगळ्यात मोठं, लावलं होतं ते गेल्या मंगळवारी.

गमबूट चढवून ती शेडकडे गेली. झटका मशीनला स्वतःचं अर्थिंग लागतं. घरापासून लांब, ओलसर जागी, तीन-चार लोखंडी गज खोल ठोकावे लागतात. मशीनच्या खोक्यावर तसं चित्र होतं, आणि खोकं तिथेच पडलं होतं, न उघडलेल्या माहितीपत्रकासकट. पण मंगळवारी जमीन गोठली होती आणि अडीच वाजता रग्बीचा सामना होता. म्हणून नेव्हिलने भिंतीवरच्या टेलिफोनच्या डब्याखाली त्याच्याच अर्थिंगचा जो गज आयता सापडला, त्यालाच मशीनची तार गुंडाळली होती. वर चाऱ्याचे गठ्ठे बांधायच्या सुतळीची गाठ, शोभेला.

तिने मशीन बंद केलं आणि घरात परत येऊन मोडेमसमोर उभी राहिली. दोन मिनिटांत हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. ती शेडमध्ये गेली, मशीन चालू केलं, परत आली. दिवा गेला होता. खात्रीसाठी तिने हा सगळा फेरा आणखी एकदा केला. मग तिने नेव्हिलला सांगितलं.

नेव्हिलने चहा संपवला. योगायोग असतात, असं तो म्हणाला. मीच तर सकाळी साफ केला, त्याचा गुण आता आला असेल, असंही म्हणाला. ग्लेनिसने त्याला हाताला धरून नेलं आणि दिवा मालवून, पेटवून दाखवला. तो दिव्याकडे बराच वेळ बघत राहिला. तिला वाटलं, आता उमजेल.

"अर्थिंग माझं बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझा मोडेम नाजूक आहे."

तिने आवाज चढवला नाही. तीन-चार गज ठोकायला अर्धा तास लागतो, वाटलं तर मी ठोकते, असं ती म्हणाली. नेव्हिल म्हणाला, जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही. मग निदान मुलाखतीपुरतं, पाऊण तास, मशीन बंद ठेव, ती म्हणाली. त्यावर तो उसळला. साठ कालवडी सलगमाच्या रानात एका तारेच्या भरवशावर उभ्या आहेत. रोज तार पुढे सरकवून एकेक पट्टा चारायचा असतो. तार मेली आणि त्या पुढच्या रानात घुसल्या तर आठ दिवसांचा चारा दुपारभरात तुडवतील.

"आणि कशासाठी?" तो म्हणाला. "तिथे बसून म्हाताऱ्यांना माउस कसा धरायचा ते शिकवणार तू. अगं, तुलाच कुठे काय येतं?"

हे तो रागाने म्हणाला नाही, हेच वाईट होतं. बाहेर थंडी आहे, अशा सहजपणे म्हणाला. ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा राग आला नाही. तिला तो नुसता मूर्ख दिसला. मोठ्या आवाजाचा, दांडगा, चीज रोलचे कण मिशीत अडकलेला एक मूर्ख माणूस, ज्याला आपल्या हाताने बांधलेली एक तार चुकली एवढं कबूल करायचं नव्हतं आणि त्यापायी तिचं जन्माचं नुकसान चालणार होतं. इतकी वर्षं आपण याला घाबरत होतो, याचीच तिला किळस आली.

तिने वाद घातला नाही. पसरलेला कॉम्प्युटर पुन्हा जोडून तिने खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. बारा वाजता ती स्वतः रानात गेली आणि कालवडींना नेहमीपेक्षा दुप्पट पट्टा मोकळा करून दिला. भरल्या पोटाचं जनावर तारेची परीक्षा बघायला सहसा जात नाही. दीडला नेव्हिल रेडिओ लावून आरामखुर्चीत आडवा झाला. पावणेदोनला तिने शेडमध्ये जाऊन मशीन बंद केलं, अंगात निळा स्वेटर घातला, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी दार लावून बसली.

दोनच्या ठोक्याला पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाईंचं नाव इलेन होतं. त्यांनी आधी रस्त्याची चौकशी केली, मग पुस्तकांविषयी विचारलं. ग्लेनिसचा आवाज पहिली पाच मिनिटं कापत होता. नंतर तो तिचा तिला ओळखू येऊ लागला. वर्षानुवर्षं फिरत्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं ती गोठ्यात दिव्याखाली वाचत आली होती, आणि त्याविषयी तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. एकदा तर डाव्या हाताचे गृहस्थ काहीतरी लिहून घेताना दिसले.

वीस मिनिटं झाली असतील. खिडकीबाहेर एक तांबडी कालवड तारेपाशी आली. तिने नाक लावलं, थांबली, पुन्हा नाक लावलं, आणि छातीने तार ढकलून पलीकडे गेली. तिच्या मागे दुसरी गेली. मग सगळाच कळप चालू लागला.

"वाचनालयात इंटरनेट वरचेवर बंद पडतं," इलेनबाई म्हणत होत्या. "लोक चिडतात. ओरडतात. अशा माणसाशी तुम्ही कसं वागाल?"

ग्लेनिस तोंड उघडणार तोच दार धाडकन उघडलं. नेव्हिल मोज्यांवर उभा होता, विजारीचा एक पट्टा खांद्यावरून खाली आलेला, चेहरा लालबुंद.

"मशीन तूच बंद केलंस ना?" तो ओरडला. "जनावरं रानात शिरली. चल, उठ. बूट घाल आणि फाटकात उभी राहा. बास झालं तुझं हे खूळ."

पडद्यावर डाव्या हाताच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. मग इलेनबाईंनी हळू आवाजात विचारलं, की तुम्हाला जायला हवंय का, आम्ही समजू शकतो. पण पत्रात काय लिहिलं होतं ते दोघींनाही माहीत होतं.

ग्लेनिसने खिडकीतून बाहेर पाहिलं. कुत्री, जेस, केव्हाच रानात पोचली होती आणि पोट जमिनीला लावून कळपाच्या बगलेने सरकत होती. पुढच्या कालवडी वळायलाही लागल्या होत्या. फाटकात हात पसरून उभं राहण्यासाठी ग्लेनिस आजवर जेवणावरून उठली होती, तापातून उठली होती, आईचा शेवटचा फोन ठेवून उठली होती.

"नेव्हिल," ती म्हणाली, "तुझं अर्थिंग चुकलंय. दार ओढून घे, वारा येतो."

मग ती पडद्याकडे वळली.

"नाही, मला कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "जनावरं वळवायला कुत्री एकटी पुरते. आमचे हे सोबत गेले की जरा वेळ लागतो, एवढंच. तुम्ही चिडलेल्या माणसाचं विचारत होतात."