पाहुणी सिस्टीम

धायरीतल्या आमच्या ब्रेल छापखान्यातला कॉम्प्युटर गुरुवारी सकाळी मेला. पंधरा वर्षं मी एकटीने सांभाळला होता त्याला. छापायचं यंत्र ठणठणीत, पण ते चालवणारा प्रोग्राम त्या जुन्या कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीमवरच चालायचा. कंपनीला फोन केला, तर म्हणे, "नवीन यंत्र घ्या." वा! सल्ला द्यायला काय जातं?

आणि सोमवारी उत्तरेश्वरची परीक्षा. हा धाराशिवकडचा मुलगा, जन्मापासून दृष्टी नाही, पुण्यात कॉम्प्युटर शिकतोय. ऑपरेटिंग सिस्टीम या विषयाचे चार खंड त्याच्यासाठी छापायचे होते. नुसतं ऐकून आकृत्या त्याच्या डोक्यात बसत नव्हत्या, मागच्या वेळी याच विषयात नापास झाला होता. आता पुन्हा गेला असता तर वर्ष बुडालं असतं.

जमणार नाही, असं मी त्याला फोनवर सांगितलं. तासाभरात पठ्ठ्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन दारात हजर!

"काकू, जुनी डिस्क जिवंत हाय ना? मग झालं. माझा लॅपटॉप लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालतो. त्याच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, व्हर्च्युअल मशीन. त्यात तुमची जुनी सिस्टीम चालवायची. मेमरी, प्रोसेसर, सगळं लिनक्स तिला आपल्यातलं काढून देणार. तिला वाटंल, आपण आपल्याच घरी हाय. लिनक्स यजमान, ती पाहुणी."

"आणि याचे किती घेतात?"

"काही नाही. मुक्त सॉफ्टवेअर हाय. जगभरच्या लोकांनी लिहिलंय. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या."

फुकटच्या वस्तूवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. तो हसला आणि कामाला लागला.

अडचण एकच होती. लिनक्स त्याच्याशी हेडफोनमधून बोलायचं, पण आतली पाहुणी मुकी. तिच्या पडद्यावर काय आहे, ते मी वाचून दाखवायचं ठरलं. तीस वर्षं मी मुद्रितशोधन केलंय. स्वल्पविरामासकट मोठ्यानं वाचायची सवय आहे मला.

शुक्रवारी दुपारी प्रोग्राम उघडला. छापायची आज्ञा दिली. यंत्र ढिम्म! तीनदा दिली, तरी ढिम्मच.

"अजून काही दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"नीट बघा ना, काकू."

माझं डोकंच फिरलं. "मला दिसतंय! तुला नाही दिसत!"

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

"चुकले रे बाबा," मी म्हटलं, आणि पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा वाचला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. आम्हा मुद्रितशोधकांना तळटिपा शेवटी बघायची खोड. मी ती बघितलीच नव्हती. इंग्रजीत लिहिलं होतं, की छापायचं यंत्र यजमानाकडे जोडलेलं आहे.

"अहो, मग छापणार कसं? वायर लिनक्सनं धरून ठेवलीय, पाहुणीला दिलीच नाय!" त्यानं दोन-तीन कळा दाबल्या, आणि यंत्र खडखडायला लागलं.

शनिवारी संध्याकाळी चारही खंड तयार झाले. एका आकृतीवरून त्यानं दोनदा बोटं फिरवली. "आत्ता कळलं," तो पुटपुटला. मला रडू आवरेना.

"त्या लिनक्सवाल्यांचे आभार मानायचेत रे. पत्ता दे कुणाचा तरी."

"हजारो जण हायत, काकू. किती जणांना पत्रं लिहिणार?" मग जरा अडखळला. "लातूरला साई आणि राजनंदिनी माझ्यासारखेच हायत. पुढच्या महिन्यात त्यांची हीच परीक्षा. या पुस्तकाची फाईल पाठवू का?"

फाईल छापखान्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम मीच केलेला. कष्ट आमचे, फाईल आमची. पंधरा वर्षांत शंभर जणांनी तरी मागितली असेल, आणि प्रत्येकाला मी तोंडावर नाही म्हटलं होतं.

"एक फाईल द्यायची नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला.

"तीनशे बारा आहेत. सगळ्या घे, आणि मागेल त्याला दे."