तुटून राह्यला

मिलमध्ये मला सगळे 'इंग्रजीवाली' म्हणतेत, आणि मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू?

एमआयडीसीतल्या आमच्या सळईच्या मिलमधली बिघाडाची वही रोज माझ्याकडं येते. तिच्यातलं मराठी मी इंग्रजीत करून पुण्याच्या ऑफिसला मेल करते. पहिल्याच महिन्यात मी 'आय ॲम नॉट हॅविंग' लिहिलं, तर पुण्याचं ऑफिस बघणाऱ्या मालकाच्या पोरानं, अर्पितशेठनं, मिलवर आल्यावर ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "शालू, तुम्हा लोकांना आयएनजीचा रोग आहे." लई झोंबलं मला. आपण जालन्यातले 'जेवून राह्यलो, बसून राह्यलो' बोलतो, तेच इंग्रजीत घुसतं. तेव्हापासून आयएनजी दिसला की मी कापतेच.

मंगळवारी क्रेन चालवणारे तातेराव काका स्वतः आले. "शालूताय, क्रेनचा दोर तुटून राह्यला. आजच लिवा."

मी लिहिलं, 'द रोप इज ब्रेकिंग.' मंग थांबले. "काका, या घडीला तुटतोय का?"

"या घडीला कसा? रोज त्याच्यातल्या दोन-चार तारा जातेत. तुटून राह्यला म्हणलं ना!"

"मंग ब्रेकिंग न्हाई होत." खोडलं. 'ब्रोकन' म्हणावं, तर अजून तुटलेला न्हाई. शेवटी लिहिलं, 'द रोप इज ओल्ड.' शुद्ध. कुणाला हसायला जागा न्हाई.

"बराबर लिवलं ना? खाली तुमचा वसंताच साखळी अडकवतो."

"बिलकुल बराबर," मी म्हणाले. वसंता माझा धाकटा भाऊ. त्याला इथं मीच चिकटवलं.

दुपारी अर्पितशेठचं उत्तर आलं. दोर दिवाळीच्या बंदमध्ये बदलू. खाली, 'गुड इंग्लिश, शालू.' ती ओळ मी मेलीनं तीनदा वाचली. दिवाळीला दोन महिने होते.

गुरुवारी डबा खाताना वसंता म्हणाला, "ताई, वरून तारांचे तुकडे पडून राह्यले. हे बघ." त्यानं खिशातून काढून दाखवले. बोटाएवढे, टोकाला चमकणारे. भोंगा झाला तसा तो हात धुऊन शेडमध्ये गेला.

त्याला हाताला धरून बसवायचं सोडून मी बया मेल लिहीत बसले. 'द रोप इज ब्रेकिंग.' काकांनी सांगितलेलंच बरोबर होतं की! एकदम तुटत न्हाई तो, रोज थोडा थोडा तुटून राह्यलाय. पाठवलं.

उत्तर लगेच आलं. 'ब्रेकिंग? शालू, पुन्हा तोच रोग?'

मी ते वाचतच होते, तेवढ्यात शेडमध्ये दणका झाला. पायाखालची फरशी हादरली. मंग एकेक मशीन बंद पडत गेली, आणि तातेराव काकांची किंकाळी ऐकू आली. "वसंताऽऽ!"

द रोप ब्रोक. आता यात कुणी चूक काढून दाखवावी.