आराम हाय

बायकांचा वॉर्ड. ओळीने मांडलेल्या खाटांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर बायकांच्या पाठी, पायांना दोरीने बांधलेली वजने. आणि मधल्या वाटेत राहीबाई उभी. तिला उठायची परवानगी नव्हती.

नगरच्या त्या धर्मादाय इस्पितळात डॉ. शरच्चंद्रांचा शब्द खाली पडत नसे. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता कंबर धरलेल्या बायका सुप्याहून, भिंगारहून येत होत्या, आणि त्यांच्यावर डॉक्टर संशोधन करीत होते. फळीवर महिनाभर निश्चल निजले की पाठदुखी हटते, हा त्यांचा सिद्धान्त. परवा पुण्याच्या परिषदेत त्यावरचा निबंध त्यांची सहायक डॉ. विजया वाचणार होती. तिची कायमची नेमणूक त्या वाचनावर टांगलेली होती.

"कुणी उठवलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारले.

"कुनी न्हाई. माझी मीच उठले," राहीबाई म्हणाली.

"काल तर आराम आहे म्हणालात!"

"मंग? आरामच हुता की! निस्ती पडूनच हुते. येवढा आराम बाळंतपनात सुदीक न्हाई मिळाला."

शेजारच्या खाटेवरून केशरबाई खिदळली. "आन् दुखनं गं?"

"त्ये लई हाय. पर त्ये कुठं इचारलं कुनी?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांशेजारी उभ्या विजयाच्या मात्र घोटाळा ध्यानात आला. रोज सकाळी खाटेखाटेपाशी एकच प्रश्न: आराम आहे का? रोज एकच उत्तर: आराम हाय. डॉक्टरांनी त्यात उतार ऐकला होता. बायकांनी विसावा सांगितला होता. एकाच शब्दाच्या दोन काठांवर दोघे उभे, आणि मधून खरे दुखणे निमूट वाहत गेलेले. त्या प्रवाहावर निबंधाचा पूल बांधला होता, आणि त्यावरून पहिले पाऊल टाकायचे होते तिने.

"चालल्यावर कसं वाटतंय, राहीबाई?" तिने विचारले.

"उठताना जीव गेल्यागत झालं बघा. पर हितल्या हितं फिरले, तशी कंबर मोकळी व्हाया लागली."

"एका बाईच्या बोलण्यावर शास्त्र उभं राहत नाही, डॉक्टर विजया."

"एका शब्दाच्या गैरसमजावर तरी कसं राहील, सर? सगळ्यांना पुन्हा विचारू. दुखतं का, एवढंच. ज्यांना चालवेल त्यांना चालू देऊ. मग पाहू, कोण आधी बरं होतं."

"आणि परवा?"

"परवा सांगू, आपला प्रश्नच चुकला होता."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "नेमणुकीचं पत्र माझ्या सहीनं निघतं, हे लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

"यांना निजवा. निबंध आहे तसाच वाचला जाईल. वाचणार ना तुम्ही?"

विजयाने केशरबाईच्या पायथ्याशी बसून वजनाची गाठ सोडली. दोर सैल पडला, वाळूची पिशवी धप्पकन फरशीवर आली. केशरबाई कण्हत, शिव्या घालत, फळीची कड धरून उठली.

"मी विचारतोय काहीतरी!"

एका हाताशी राहीबाई, दुसऱ्या हाताशी केशरबाई घेऊन विजया डॉक्टरांच्या शेजारून व्हरांड्याकडे चालू लागली.