साफीच्या कारखान्यातली हिरवी तक्रारपेटी

मित्रांनो, भिंतीवरची ही हिरवी, पोचे आलेली पत्र्याची तक्रारपेटी म्हणजे मी. स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

साफी बंदरावरच्या मासळी डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात, डब्यांच्या उरलेल्या पत्र्यातून माझा जन्म झाला. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार, म्हणून बायकांच्या छळाविरुद्ध घाईघाईने एक समिती नेमली गेली. चार नावं चौकटीत लागली, नियमांचा कागद चिकटला आणि त्याखाली मी. पाहुण्यांनी माझे फोटो काढले, तोंडभर कौतुक केलं. पण मला टांगलं होतं ते मुकादम कब्बूरच्या खोलीच्या काचेसमोर. शिवाय किल्ल्या दोन. एक समितीची, मग दुसरी कोणाची? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

वर्षभर माझ्या पोटात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं तेवढी पडली. मग एके सकाळी इतिमादने चिठ्ठी टाकली. ही मासे साफ करणारी तरुण विधवा. कब्बूर तिला कामाच्या निमित्ताने बर्फाच्या खोलीत एकटीला बोलवायचा आणि अंगचटीला यायचा.

तासाभरात दुसरी किल्ली माझ्या कुलुपात फिरली. हात कब्बूरचाच होता. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याने सगळ्यांची नावं पुकारली, तिचं सोडून.

"तुला काम नाही. एवढं छान लिहितेस, कारकून हो कुठेतरी."

घरी म्हातारी आई आणि लेकरू, दोघं तिच्याच हातावर. मला माझीच लाज वाटली.

टेबलांवरच्या बायकांत हाद्दा मावशी सगळ्यांत जुनी आणि जिभेची तिखट. पुढच्या खेपेला होड्या लागल्या, टेबलं माशांनी भरली, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्यासमोर रांग लावली. साठ बायका, प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला कागद.

"मावशी, मला लिहिता येत नाही गं."

"मला तरी कुठे येतं? अंगठा उठव आणि टाक. बसू दे मेल्याला शोधत."

कब्बूर दारात आला. "हा काय तमाशा, हाद्दा?"

"तमाशा कसला? पेटी तुम्हीच लावलीत, आम्ही वापरतोय."

मासे वास मारायला लागले तसे मोठे साहेब खाली आले. हाद्दा म्हणाली, "इतिमादला आत घ्या. कुलूप बदला, किल्ली आमच्याकडे द्या. मग सुऱ्या उचलू." साहेबांनी टेबलांकडे पाहिलं आणि इतिमादला बोलवायला माणूस धाडला.

आता मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत असते. इतिमाद समितीत आहे. कब्बूरला मात्र काढलं नाही, नुसतं धक्क्यावर पाठवलंय. तिथेही बायका राबतात, त्यामुळे माझा जीव काही थाऱ्यावर नाही.

दर शुक्रवारी इतिमाद सगळ्यांसमोर मला उघडते. रिकामी निघाले, तर एकेकीला विचारते, "काही झालं नाही, की भीती वाटली?" मागच्या शुक्रवारी एक नवी पोर मान खाली घालून "काही नाही" म्हणाली. इतिमाद तिच्यापाशी बसून राहिली.

मित्रांनो, रिकामी पेटी पाहून कधी निर्धास्त होऊ नका. विचारा, आणि खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.