तीन फैरी

वेल्डा प्रूइटला सकाळी आठालाच मळमळायला लागलं होतं, आणि त्याचं खापर न्याहारीवर फोडण्यात अर्थ नव्हता. न्याहारीला नुसती काळी कॉफी होती. मळमळ होती ती समोरच्या थाटामाटाची. ओक्लाहोमाच्या त्या तांबड्या टेकडीसमोर चाळीस मशीनगनी ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यामागे चाळीस बिऱ्हाडं घडीच्या खुर्च्या टाकून जत्रेला आल्यासारखी पसरलेली. एका बाईच्या मांडीवर तान्हं पोर, त्याच्या कानांवर आवाज रोखणारे गुलाबी मफ. पाद्री आले, टोप्या उतरल्या. "देवा, आमचा नेम चुकू देऊ नकोस," असं पाद्री म्हणाले तेव्हा सगळे खदखदून हसले, आणि मग आमेन. वेल्डाही आमेन म्हणाली. बावीस वर्षं म्हणत आली होती.

टेकडीच्या पायथ्याशी मारायच्या वस्तू रचून ठेवल्या होत्या. चार भंगार मोटारी, सहा फ्रीज, बाप्टिस्ट चर्चने नवा घेतला म्हणून टाकून दिलेला जुना पियानो. पोन्का सिटीहून आलेल्या एका घटस्फोट झालेल्या माणसाने दुकानातला पुतळा आणला होता आणि त्याला बायकोचा लग्नातला झगा घातला होता. त्याच्याभोवती गर्दी करून माणसं त्याची पाठ थोपटत होती. वेल्डाने त्याच्याकडे पाहिलं आणि थुंकावंसं वाटलं, पण ती सुरक्षा अधिकारी होती, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने थुंकण्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नव्हतं.

बाकी सगळं लिहिलेलं होतं. वेल्डाच्या गळ्यात भोंगा, हातात लाल झेंडा, खिशात कात्री. भोंगा एकदा वाजला की गोळीबार सुरू, दोनदा वाजला की बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की "थांबवा" हा शब्द कोणीही ओरडू शकतं. मालक असो, पाहुणा असो, शेंबडं पोर असो. शब्द कानावर पडला की चाळीसच्या चाळीस बोटं बंदुकीच्या घोड्यावरून निघालीच पाहिजेत. त्यानंतर ज्याची गोळी सुटेल त्याच्या मनगटावरची प्रवेशाची हिरवी पट्टी वेल्डा कात्रीने कापणार, आणि तो माणूस पुन्हा जन्मात इथे पाऊल टाकणार नाही. बावीस वर्षांत तिने पाच पट्ट्या कापल्या होत्या. त्यांतली एक शेरीफच्या मेहुण्याची होती, आणि तीही तिने सगळ्यांसमोर कापली होती. लोक तिला वचकून असत, आणि खरं सांगायचं तर त्या वचकासाठीच ती दरवर्षी यायची. एरवी आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करायची. तिथे तिला कोण घाबरणार.

हौसेने मशीनगनी चालवणाऱ्यांचा हा मेळा तिच्या नवऱ्याने, हॉलिसने, सुरू केला होता. हॉलिस आणि त्याचा मित्र गार्लंड टीग या दोघांनी. हॉलिस गेला, गार्लंड उरला. टेकडी गार्लंडची, खडीची खाण गार्लंडची, दुपारी सगळ्यांना फुकट मिळणारं भाजलेलं डुकराचं मांसही गार्लंडचंच. सत्तरीचा धिप्पाड माणूस, नेहमी हसतमुख, नेहमी कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर हात. आणि तीन आठवड्यांपासून वेल्डाचा मुलगा ट्रॉय त्याच्या खाणीवर कामाला होता.

ट्रॉय एकतीस वर्षांचा. पाच नोकऱ्या गेल्या, बायको गेली, दारू मात्र मोठ्या कष्टाने सुटली. लोकांच्या दृष्टीने वाया गेलेला. पण ट्रॉय खोटं बोलत नसे. लहानपणी खिडकीची काच फोडली तरी स्वतःहून सांगायला यायचा, पुढे दारू प्यायला तरी "प्यायलोय" म्हणून सांगायचा. मुलाच्या बाबतीत वेल्डाच्या पदरात एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती तिने जिवापाड जपली होती.

आज ट्रॉय गार्लंडच्या मशीनगनीवर पट्ट्याला होता. जुनी पट्ट्याची बंदूक म्हटली की दोन माणसं लागतात. एक घोडा दाबतो, दुसरा शेजारी गुडघे टेकून काडतुसांचा पट्टा दोन्ही हातांनी तोलून धरतो, म्हणजे तो न अडकता सरळ आत सरकतो.

दुपारचं जेवण आटोपलं. लोक बोटं चाटत, ढेकरा देत बंदुकांकडे परतले. वेल्डाने भोंगा एकदा वाजवला आणि टेकडी पुन्हा धुळीने भरून गेली. पियानोचा चक्काचूर झाला. लग्नाचा झगा कमरेपासून तुटून पडला, तसा पोन्का सिटीवाला खुर्चीवर उभा राहून नाचला.

तेवढ्यात ओढ्याच्या झुडपांतून एक हरिणी बाहेर आली. एवढ्या आवाजात जनावर पुढे येत नाही, पण ही आली. बहुधा मागच्या रस्त्यावरच्या मोटारींनी बिथरली असावी. भंगार मोटारींच्या मधोमध ती उभी राहिली, एक पाय वर धरून.

"थांबवा!" कोणीतरी ओरडलं. टल्साहून पहिल्यांदाच आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या त्या, मिसेस ऑस्बर्न. वेल्डाने तत्काळ दोनदा भोंगा वाजवला आणि झेंडा वर केला. गोळीबार एकदम थांबला. धूर खाली बसला. हरिणी तिथेच कान हलवत उभी. वाचली, असं वेल्डाला वाटलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

मग गार्लंडच्या बाजूने एक फैर झडली. आखूड. मग मध्ये एक श्वास जाईल एवढी शांतता. दुसरी फैर. पुन्हा शांतता. मग तिसरी, लांबलचक. हरिणीचा मागचा भाग खाली बसला आणि पुढच्या दोन पायांवर ती रेटत राहिली.

कोणी ओरडलं नाही. मागून कोणीतरी शिट्टी घातली.

वेल्डा झपाझप चालत गार्लंडच्या बंदुकीपाशी आली तेव्हा तो डोक्यावरची टोपी काढून घाम पुसत होता. ट्रॉय शेजारी गुडघ्यांवरच होता.

"उधळली गं, वेल्डा," गार्लंड म्हणाला. "बोट कधीच काढलं होतं मी. म्हातारी झालीये बंदूक, माझ्यासारखीच. ऐकत नाही."

बंदूक उधळते, हे खोटं नाही. घोडा सोडला तरी ती आपली आपण पट्टा संपेपर्यंत ओकत राहते. म्हणूनच तर पट्ट्यावरच्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात, की बंदूक उधळली तर पट्टा पीळ, मुरगळ, तुटला तरी चालेल. पण उधळलेली बंदूक मध्ये दम खायला थांबत नाही. ती एका दमात वाजते. तीन फैरी आणि मधल्या दोन शांतता, याचा अर्थ कोणीतरी तीनदा घोडा दाबला होता. वेल्डाने हे कानांनी ऐकलं होतं.

"पट्टा का नाही पिळला?" तिने विचारलं.

"पोरगं नवं आहे," गार्लंड म्हणाला आणि ट्रॉयच्या खांद्यावर हात ठेवला. "गांगरलं. उशीर झाला त्याला. चालायचंच."

"तुला नाही विचारलं, गार्लंड. ट्रॉय, बंदूक उधळली होती?"

ट्रॉयने आधी गार्लंडकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "हो."

"नीट सांग."

"उधळली. मी पट्टा पिळायला हवा होता. माझी चूक झाली, आई."

एव्हाना गोळीबार बंद असल्याने वीस-पंचवीस माणसं दोरी ओलांडून खाली हरिणीपाशी पोचली होती. कोणीतरी त्या तान्ह्या पोराच्या कानांवरचे गुलाबी मफ काढून तिच्या कानांवर चढवले. मोबाइल निघाले. एक जण आडवा पडून तिच्या गळ्यात हात घालून हसत होता, आणि तिचा पुढचा पाय अजून हलत होता. वेल्डाने ओरडून एकाला पिस्तूल घेऊन पाठवलं. त्याने आधी फोटो काढू दिले आणि मग काम उरकलं. मिसेस ऑस्बर्न खुर्चीमागे वाकून ओकत होत्या. या सगळ्या जागेवर शहाणं असं तेवढं एकच माणूस असेल.

"सोड ना, वेल्डा," शेजारच्या बंदुकीवरचा जाडा म्हणाला. "शेळीएवढं जनावर. दुपार वाया चाललीये."

वेल्डाने खिशातली कात्री काढली. पट्ट्यावरचा माणूस चुकला तर त्याची पट्टी जाते, हेही नियमांत होतं. ट्रॉयचं मनगट तिने हातात घेतलं. मनात तिचा हिशेब सरळ होता. पट्टी कापली की पोराला लागेल, अपमान होईल, आणि चिडून का होईना, खरं बोलेल. कात्री पट्टीखाली घालून ती क्षणभर थांबली, त्याला वेळ दिला. ट्रॉय तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. तिने पट्टी कापली.

"शाब्बास," गार्लंड हळूच म्हणाला. "नियम म्हणजे नियम. हॉलिसला अभिमान वाटला असता तुझा." त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला. मांसाच्या चरबीने तो अजून चिकट होता, आणि तिने तो झटकला नाही. "ट्रॉय, आज सुट्टी घे. सोमवारी सहाला खाणीवर ये. मनाला लावून घेऊ नकोस."

भोंगा टेबलावर ठेवून वेल्डा ट्रॉयच्या मागोमाग गाड्यांच्या मैदानात गेली. तो आपल्या पिकअपमध्ये बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती दुसऱ्या बाजूने आत बसली.

"आता सांग खरं," ती म्हणाली. "इथे कोणी नाही."

"काय सांगू? तू ऐकलंस की."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तीनदा दाबला त्यांनी घोडा. पहिल्यांदा दाबला तेव्हा मला वाटलं भोंगा ऐकू आला नाही त्यांना. मग माझ्याकडे बघून हसले." ट्रॉयने स्टिअरिंगवर अंगठा घासला. "आणि मी पट्टा सरळ धरून ठेवला. तिन्ही वेळा. अडकू नये म्हणून."

वेल्डाला किळस आली. गार्लंडची आली तशीच, आणि ती आपल्याच पोटच्या पोराची आली याची आणखी वेगळी आली.

"मग तिथे खोटं का बोललास? नोकरीसाठी?"

"हो. नोकरीसाठी."

"तू कधी खोटं बोलत नव्हतास, ट्रॉय."

"तू नव्हतीस बोलत?" तो तिच्याकडे वळला. "चाळीस बंदुका आहेत तिथे, आई. उधळलेली बंदूक कशी वाजते ते त्यातल्या प्रत्येकाला कळतं. तुला काय वाटलं, कान फक्त तुलाच आहेत? सगळ्यांना माहीत होतं. सगळे बघत होते तू काय करतेस ते."

"मी तुझी पट्टी कापली ती तू बोलावंस म्हणून."

"तू माझी कापलीस कारण माझी कापणं सोपं होतं."

तिने हातातल्या कात्रीकडे पाहिलं.

"तू झेंडा घेऊन चालत येत होतीस ना, तेव्हा गार्लंडकाका मला म्हणाले, उशीर झाला म्हणून सांग, तुझी आई मला काही करणार नाही." ट्रॉय म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, तुम्ही ओळखत नाही तिला. मी हो म्हणालो काय, नाही म्हणालो काय, मला वाटलं, तू आपल्या कानांवर विश्वास ठेवशील आणि त्यांची पट्टी कापशील. पैजेवर सांगितलं असतं मी."

मागे टेकडीवर भोंगा वाजला, एकदा. तिच्या जागी गार्लंडनेच तो उचलला असणार. लगेच गोळीबार सुरू झाला आणि पिकअपच्या काचा थरथरू लागल्या. कात्री अजून वेल्डाच्या हातात होती. उतरावं, परत जावं, चाळीस बिऱ्हाडांसमोर मला ऐकू आलं होतं म्हणून सांगावं, आणि त्या चिकट मनगटावरची पट्टी कापावी. शंभर पावलंही नव्हती. दाराच्या कडीवर तिने हात ठेवला. त्या शंभर पावलांत किती जण हसतील, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. मांस कोणाचं खाल्लं, टेकडी कोणाची, आणि सोमवारी ट्रॉयला कामाला कोण ठेवणार, तेही आलं.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरी."

ट्रॉयने किल्ली फिरवली नाही. ती आणखी काही बोलते का, म्हणून तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडी सुरू केली.