खरे घोडे मैदानावर आहेत

मी एक कापडी घोडा बोलतोय. दचकू नका. दचकायचं काम माझं. कुणी दार आपटलं, रस्त्यावर टायर फुटला, नुसती शिंक आली तरी आधी माझं डोकं हलतं. लोक म्हणतात, मानेतली तार सैल आहे. असेलही. पण मला आतूनच धडधडतं, त्याला मी काय करू?

माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. अंगाला दोन तपकिरी ब्लँकेटं, आयाळीला उसवलेल्या स्वेटरची लोकर, डोळ्यांना कोटाची मोठी बटणं. डोक्यात नुसता स्पंज. डाव्या कानापर्यंत येताना तार कमी पडली आणि तो कान पडकाच राहिला. काकू म्हणाल्या, "राहू दे. एक कान पडका असला की माणसाला माया येते."

माझं पोट मात्र रिकामं ठेवलं होतं. तिथं दोन माणसं शिरायची होती.

पुढच्या पायांत मामा. म्हणजे धाकटीचे मामा; धाकटी म्हणजे जिच्या डोक्यातून मी निघालो ती. पोट सुटलेले, नोकरीतून निवृत्त, हौस दांडगी. मागच्या पायांत मोतद्दार, म्हणजे मैदानावरच्या घोड्यांचा खरारा, दाणापाणी, दुखणीखुपणी बघणारा माणूस. तो फार बोलायचा नाही. कमरेत वाकून मामांचा पट्टा धरायचा आणि निमूट चालायचा. एकदा वळणावर तो म्हणाला की उजवीकडे खड्डा आहे. मामा म्हणाले, "मागच्या पायांना मत नसतं." आणि आम्ही खड्ड्यात गेलो. त्या दिवशी दोघंही माझ्या पोटात इतके हसले की माझी शिवण उसवली.

आता मी कशासाठी जन्मलो ते सांगतो. धाकटीचे वडील घोडेस्वारी शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकायला येणारी मुलं वर्षागणिक कमी होत गेली होती. घोडेस्वारी म्हणजे बड्या लोकांचं काम, असं लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. मैदानाच्या मालकाने शेवटी सांगून टाकलं, की हंगाम संपेपर्यंत तीस मुलांची नावं यादीत दिसली नाहीत तर मैदान दुसऱ्याला देणार.

तरण्या घोड्यांना कुणीही नेलं असतं. प्रश्न होता म्हातारीचा. म्हातारी म्हणजे एकवीस वर्षांची घोडी. उजव्या डोळ्याला अंधूक दिसायचं, दातही झिजलेले. तिला कोण नेणार? धाकटी चालायला शिकली त्याच वर्षी म्हातारी शिंगरू म्हणून मैदानावर आली होती. धाकटीची आई गेली तेव्हा धाकटी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. म्हातारीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहायची. आणि म्हातारीही शेपटीने माशी हाकायची नाही, इतकी स्थिर.

धाकटी मोठेपणी जाहिरातीच्या ऑफिसात लागली होती. ती मास्तरांना म्हणाली, लोक घोड्याकडे येत नाहीत ना, मग घोडा लोकांकडे जाईल.

आणि मी लोकांकडे गेलो. बँकेत टोकन घेऊन रांगेत उभा राहिलो. दाढीच्या दुकानात आयाळ कापून घ्यायला बसलो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी टॉर्च मारून माझी बटणं तपासली आणि म्हणाले, नजर उत्तम आहे, डोकं तेवढं हलकं वाटतं. बसमध्ये कंडक्टरने पुढच्या पायांचं एक आणि मागच्या पायांचं एक अशी दोन तिकिटं फाडली. गळ्यात पाटी असायची : मी खोटा आहे. खरे घोडे मैदानावर आहेत.

लोक हसायचे. हसलेला माणूस पाटी वाचतोच, हे धाकटीला बरोबर ठाऊक होतं. एक आजी म्हणाल्या, "अरे, खोटं असून खरं बोलतोय बिचारा." त्याच आठवड्यात त्यांची नात मैदानावर आली. मग एक रिक्षावाला आपल्या दोन्ही मुलींना घेऊन आला. यादी वाढत चालली.

मी राहायचो खोगीर ठेवायच्या खोलीत. तिथला मेणाचा, चामड्याचा, घामाचा वास माझ्या अंगात मुरला. पहिल्याच दिवशी मोतद्दाराने एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. घोड्याला नवी वस्तू एकदम दाखवायची नसते. नाहीतर तो बिथरतो.

म्हणून त्याने माझी म्हातारीशी ओळख करून दिली, आणि त्यासाठी पंधरा दिवस घेतले. आधी माझं नुसतं डोकं कुंपणावर टांगलं. ती लांबून बघत राहिली. मी तिच्याहून जास्त घाबरलो होतो. चौथ्या दिवशी ती जवळ आली आणि माझ्या पडक्या कानात तिने जोरात श्वास सोडला. ऊन श्वास, गवताचा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी खरा घोडा म्हणून वागवलं असेल तर ते तेवढंच. पुढे मी चालायला लागलो, दुडकायला लागलो, तरी ती मान वळवायची, हुंगायची आणि परत चरायची. मोतद्दार म्हणाला, तिचा डोळ्यांवर भरवसा नाही. ती वासाने ओळखते.

घोडामैदान जवळ आलं. प्रात्यक्षिकांचा दिवस ठरला. मालक येणार होता, पेपरचा बातमीदार येणार होता, मुलं आईबापांसह येणार होती. मास्तर स्वतः म्हातारीवर बसून गुडघ्याएवढ्या दांडीवरून एक उडी दाखवणार होते. एवढीच.

आदल्या दिवशी धाकटीने मला जवळ घेतलं आणि नाक मुरडलं. मुलं मिठ्या मारतील, फोटो काढतील, आणि हा असा वास? तिने मला लाँड्रीत दिलं. मी स्वच्छ होऊन आलो. गुलाबासारखा वास येत होता. मामा म्हणाले, "न्हालं एकदाचं घोडं गंगेत." सगळे हसले. मोतद्दार तेव्हा दाणा भिजवत होता. त्याला सकाळी कळलं, माझ्यात शिरताना.

तो तसाच बाहेर आला. मामांना म्हणाला, "आज म्हातारीसमोर नको जायला. तिला परत ओळख द्यावी लागेल."

बाहेर गर्दी टाळ्या वाजवत होती. कापडी घोडा, कापडी घोडा. मैदानात म्हातारी गोल फेरी घेत होती आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. धाकटीने लाउडस्पीकरवरून आम्हाला आत बोलावलं. लोक हसत असतानाच त्यांना खऱ्या घोड्याकडे वळवायचं, असा तिचा विचार होता. वाईट विचार नव्हता तो.

मामा म्हणाले, "चल रे. मागच्या पायांना मत नसतं."

मोतद्दार वाकला. त्याने पट्टा धरला.

आम्ही दांडीच्या बाजूने दुडकत आत शिरलो, तेव्हा म्हातारी उडीसाठी सरळ आली होती. तिच्या उजव्या, अंधूक डोळ्यात मी शिरलो. तपकिरी, डुलणारं काहीतरी, आणि वाऱ्यावर गुलाबाचा वास. तिने मला ओळखलं नाही. ती उडता उडता बाजूला फिरली. दांडी तिच्या पायांत आली. एक आवाज झाला, वाळकी फांदी मोडावी तसा.

मास्तर वाळूत पडले. त्यांचा खांदा निखळला, पण ते उठले. म्हातारी उठेना. पुन्हा पुन्हा उठायला बघत होती.

मोतद्दाराने मला अंगावरून ओरबाडून काढलं. घडी केली आणि तिच्या डोक्याखाली सारली. धाकटी धावत आली, गुडघे टेकून बसली. तिने मानेत तोंड खुपसलं. म्हातारी घामाने निथळत होती. तिचा घाम, तिची लाळ, तिचा श्वास, सगळं माझ्यात उतरत होतं. थोड्या वेळाने तिने नाकपुड्या फुलवल्या, माझा पडका कान हुंगला आणि ती शांत पडून राहिली. धाकटी रडत होती तरी तिने शेपटी हलवली नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. बाकीचं मी सांगत नाही. माझ्यावरचं ओझं तेवढं एकाएकी वाढलं.

संध्याकाळी मैदानाच्या ऑफिसात टेबलावर यादी सापडली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच एकतीस नावं झाली होती. गडबडीत कुणी मोजलीच नव्हती.

मैदान राहिलं. मुलं येतात. मामा येतात, कठड्यावर बसतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. एकदा ते मोतद्दाराला काही सांगायला आले होते. मोतद्दार म्हणाला, "चहा घ्या." दोघांनी चहा घेतला आणि मामा परत गेले.

मी खोगिरांच्या खोलीत खिळ्यावर आहे. परवा धाकटी आली. नव्या हंगामाची जाहिरात करायची, मुलं सारखी मला विचारतात. तिने बादलीत पाणी घेतलं, त्यात साबणाची पूड टाकली, मला खाली काढलं. मी घाबरलो. मग बाहीत हात घालावा तसा तिने माझ्या डाव्या कानात हात घातला आणि कान नाकाशी नेला. किती तरी वेळ तशीच उभी राहिली. शेवटी तिने बादली बाहेर नेऊन ओतली आणि मला परत खिळ्याला अडकवलं. जाता जाता तिने मोतद्दाराला विचारलं, याला असाच ठेवू ना? तो म्हणाला, "असाच ठेवा."

तुम्ही मैदानावर या. घोड्यावर बसा, भीती वाटली तरी बसा; घोडाही तुम्हाला घाबरतच असतो. आधी त्याला तुमचा हात हुंगू द्या. माझ्याबरोबर फोटो काढायचा तर काढा. पण मला धुऊ नका. वास रोज थोडा थोडा उडतोय. आता फक्त डाव्या कानात उरलाय.

जाताना खोलीची खिडकी तेवढी लावून घ्या.